यादी घेऊन आलेला पाहुणा

व्हिएन्नातल्या शॉनब्रुन राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत. त्यांतल्या चाळीसेक लोकांना बघायला खुल्या असतात. माझा एक जुना मित्र त्या शहरात ११ वर्षं राहतोय आणि या खोल्या त्यानं १४ वेळा पाहिल्यात. एकदाही आपल्या मनानं नाही. दर वेळी कुणीतरी राहायला आलेलं असतं म्हणून. "महाराणी मारिया थेरेझाला १६ मुलं होती, हे मी झोपेतही सांगेन," तो म्हणतो. "माझी चुलत भावंडं किती, ते मात्र बोटांवर मोजावं लागतं."

पंधरावा मी. मीही यादी घेऊनच गेलो होतो. दारात बॅगा टेकवतो न टेकवतो तोच त्यानं हात पुढे केला, "यादी आणलीच असशील. दे इकडे." वाचून त्यानं ती चुंबकानं फ्रिजला लावली आणि म्हणाला, "हे सगळं तू एकटा बघून ये. तिकीट कसं काढायचं, कुठं उतरायचं, सगळं सांगतो. संध्याकाळी पाचनंतर मी तुझा." खरं सांगतो, मला राग आला. इतक्या लांबून याच्याकडे आलो आणि हा मला ट्रॅमचा थांबा दाखवतोय! राग उतरायला दोन दिवस लागले. उतरल्यावर जे उमगलं ते असं, की परदेशात राहणाऱ्या मित्राकडे जाणं वेगळं आणि परदेशी पर्यटनाला जाणं वेगळं. आपण दोन्ही एकत्र कालवतो, ते आपलं आपण निस्तरू. पण सरकारंही तेच करतात, आणि त्याचा भुर्दंड यजमानाला बसतो. म्हणून हा विषय दोन मित्रांच्या घरात मिटणारा नाही.

आधी यादीबद्दल, कारण तिथं दोष आपला आहे. ही यादी आपण बनवत नाही, ती बनूनच आपल्याकडे येते. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या गृहस्थानं इंग्लंडमध्ये लेस्टरहून लॉफबरोपर्यंत पाचेकशे माणसं आगगाडीनं नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. नेली होती दारूबंदीच्या सभेला. पण त्याचा पुढे जो धंदा झाला, त्यातून जगाला एक नवी सोय मिळाली. कुठं जायचं, काय पाहायचं, कधी परतायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं आणि आपण नुसतं निघायचं. सोय मोठीच होती, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी आपलं गाव ओलांडलं नव्हतं अशा साध्या माणसांना तिनं समुद्र दाखवला, डोंगर दाखवले. मात्र परक्या शहरात ज्याचं कुणीच नाही, अशासाठी ती होती. ज्याचा तिथं जिवलग मित्र अकरा वर्षं राहतोय, त्यानंही तीच यादी खिशात घालून जावं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि या वळशात मित्राचं काय होतं? तो बिनभाड्याचं हॉटेल होतो आणि बिनपगारी वाटाड्याही. त्याच्या वर्षभराच्या रजा दुसऱ्यांच्या रांगांमध्ये उभं राहण्यात जातात. पाहुणे येतात तेही सगळे एकाच मोसमात, कारण हवा तेव्हाच चांगली असते. म्हणजे त्याला स्वतःला जेव्हा कुठं जावंसं वाटतं, नेमकं तेव्हाच. तो 'नको' म्हणत नाही. लांब राहणाऱ्या माणसाला कुणीतरी आपल्याकडे येतंय याचंच इतकं अप्रूप असतं, की पाहुणा आपल्याकडे आलाय की आपल्या शहराकडे, हे विचारायची हिंमत त्याला होत नाही. 'पाहुणा' हा शब्द संस्कृतातल्या 'प्राघुण'वरून आलाय, 'पाहणे'शी त्याचा काही संबंध नाही. पण कानाला तो पाहायला आलेला माणूस वाटतो, आणि आपण वागतोही कानाला वाटतं तसंच.

पाचनंतरच्या संध्याकाळी काय झालं ते सांगतो.

पहिल्या दिवशी त्यानं मला ७१ नंबरच्या ट्रॅममध्ये बसवलं. ही ट्रॅम शहराच्या मुख्य दफनभूमीकडे जाते. १८७४ मध्ये सुरू झालेल्या त्या भूमीत तीसेक लाख माणसं विसावली आहेत; जिवंत व्हिएन्ना आहे वीस लाखांची. बेथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स तिथंच आहेत आणि त्यांच्यासाठी पर्यटक येतातही. मित्राला मात्र मला कबरी दाखवायच्या नव्हत्या, ट्रॅमच दाखवायची होती. व्हिएन्नात कुणी वारलं की 'त्यानं ७१ पकडली' असं म्हणतात. मित्र नवा असताना त्याच्या मजल्यावरच्या एक आजी गेल्या. लिफ्टमध्ये शेजाऱ्यानं त्याला सांगितलं, आजींनी काल ७१ पकडली. हा हसून म्हणाला, "अरे वा, या वयात एकट्या? कधी परतणार?" तीन दिवसांनी त्याला अर्थ कळला. पुढे वर्षभर तो त्या शेजाऱ्याला चुकवत जिन्यानं उतरायचा. ही गोष्ट कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात असणं शक्य नाही. पुस्तकाला '७१ पकडणं' माहीत असेल, जिना माहीत नसतो.

दुसऱ्या दिवशी डॅन्यूबवरचं बेट. पुरापासून शहर वाचवायला १९७२ ते १९८८ या काळात नदीशेजारी दुसरं पात्र खणलं, आणि खणून निघालेल्या मातीतून २१ किलोमीटर लांबीचं बेट तयार झालं. चार दिवसांसाठी येणाऱ्यांच्या यादीत ते क्वचित असतं. उन्हाळ्यात शहर मात्र तिथंच असतं, पायांत काही न घालता. आम्ही पाण्यात पाय सोडून दोन तास बसलो. त्याच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल तो तिथं पहिल्यांदा बोलला. रांगेत उभं राहून, कानाला यंत्र लावून, एकापाठोपाठ एक सोनेरी दालनं बघताना हे बोलणं निघालं असतं का? मला नाही वाटत.

तिसऱ्या दिवशी कार्ल मार्क्स होफ. पाऊस होता, फार फिरलो नाही. १९३० मध्ये पुरी झालेली, किलोमीटरभर लांब पसरलेली १,३८२ घरांची ही इमारत नगरपालिकेनं कामगारांसाठी बांधली. त्या शहरात आजही दोन लाखांहून जास्त घरं पालिकेच्या मालकीची आहेत. घरभाड्यावर मित्र अर्धा तास तावातावानं बोलला, कारण तो स्वतः खासगी घरात राहतो आणि त्याचं भाडं दर काही वर्षांनी वाढतं. राजवाडा बघून राजे कसे राहत होते ते कळतं. मला हवं होतं ते मित्र कसा राहतो हे, आणि ते त्या वैतागात होतं.

यावर जो आक्षेप येतो तो मला ठाऊक आहे, कारण माझ्या रागाच्या दोन दिवसांत तो मीच घेतला होता. आयुष्यात एकदा कधीतरी एवढ्या लांब जायला मिळतं. ज्यानं सगळं पाहून झालंय त्यानं 'प्रसिद्ध स्थळांत काय आहे' म्हणणं हा पोटभरल्याचा शहाणपणा झाला. प्रसिद्ध स्थळं उगाच प्रसिद्ध झालेली नसतात. हे सगळं मान्य. म्हणून यादी फाडून टाका असं मी म्हणत नाही आणि मित्रानंही ती फाडली नव्हती. त्याचं म्हणणं इतकंच, की यादी एकट्यानं पुरी करावी. राजवाड्याला आपल्याबरोबर कोण आलंय याचं देणंघेणं नसतं. एकट्यानं बघितला तर उलट बरा बघता येतो, आवडलेल्या चित्रापुढे हवं तितकं थांबता येतं, नावडतं दालन झरझर ओलांडता येतं. मित्राची रजा त्यावर खर्च करणं ही उधळपट्टी आहे. मी राजवाडा एकट्यानंच पाहिला, आणि छान पाहिला.

इथवरचा हिशेब आपला. आता शहरांचा आणि सरकारांचा.

१९५० मध्ये जगभर मिळून अडीच कोटी परदेशी पाहुण्यांची नोंद झाली होती. २०२४ मध्ये हा आकडा १४० कोटींच्या घरात गेला. शहरं वैतागली आहेत आणि त्यांच्या वैतागात खोटं काही नाही. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले आणि काहींनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. त्याच्या थोडं आधी तिथल्या महापौरांनी जाहीर केलं होतं, की पर्यटकांना दिवसांच्या हिशेबानं भाड्यानं दिल्या जाणाऱ्या १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. जपानमध्ये फुजिकावागुचिको या गावानं फुजी पर्वताचा फोटो काढायला एका दुकानासमोर होणारी गर्दी थांबवण्यासाठी मे २०२४ मध्ये अडीच मीटर उंचीची काळी जाळी लावली. आपलाच डोंगर आपल्याच हातांनी झाकायची वेळ एखाद्या गावावर यावी, याहून वैताग तो काय असतो.

व्हेनिसचा प्रयोग मला सगळ्यांत बोलका वाटतो. २५ एप्रिल २०२४ पासून, ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात शहरात येणाऱ्या दिवसभराच्या प्रवाशांकडून ५ युरो घेणं सुरू झालं. जुन्या व्हेनिसमध्ये आता पन्नास हजारही रहिवासी उरलेले नाहीत, तेव्हा त्यांचा जीव मेटाकुटीला आलाय हे उघड आहे. पण फी लावायचं ठरल्यावर ती कुणाला नाही, याची यादी करावी लागली. तिथं राहणारे, तिथं कामाला येणारे, शिकायला येणारे, रहिवाशांचे जवळचे नातेवाईक, हॉटेलात मुक्कामाला असलेले आणि म्हणून तिथला कर आधीच भरणारे, अशी ती वाढतच गेली. हसण्यासारखं आहे खरं, पण मला त्यात एक प्रामाणिक धडपड दिसते. आपल्याकडे कोण आलंय आणि आपल्याला नुसतं बघायला कोण आलंय, हे शहराला निवडून वेगळं करायचंय. निवड जमत नाही ती कागदावर. मनात ती प्रत्येक रहिवासी रोज करत असतो. 'पर्यटकांनो, परत जा' असं भिंतीवर लिहिणाऱ्यांच्या घरीही उन्हाळ्यात कुणी ना कुणी राहायला येतच असणार की!

आकडेवारीत तर हा पाहुणा फारच मजेशीर रीतीनं हरवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन-आकडेवारीच्या २००८ च्या शिफारशींमध्ये 'मित्र व नातेवाइकांना भेटणे' हे प्रवासाचं स्वतंत्र कारण धरलंय, सुट्टी, शिक्षण, उपचार, तीर्थयात्रा यांच्या बरोबरीनं. ब्रिटनमध्ये येणाऱ्यांत सुट्टीच्या खालोखाल हेच कारण असतं. पण अशा माणसाची शेवटी गणना होते ती पर्यटक म्हणूनच. आणि मुक्कामाच्या रात्री मोजायची वेळ आली की तो गायब होतो, कारण त्या रात्री मोजल्या जातात हॉटेलांच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या. मित्राच्या सोफ्यावरची रात्र कुणाच्याच वहीत नसते. मग धोरण कुणासाठी आखलं जातं? जो वहीत दिसतो त्याच्यासाठी. त्याच्यावर कर बसतो, त्याच्यासाठी सोयी होतात, त्याच्यामुळं संतापही होतो. पाहुणा संतापाचा वाटेकरी होतो तेवढा.

व्हिसाच्या बाबतीत मात्र तो अचानक ठळक दिसू लागतो. प्राचीन ग्रीकांमध्ये पाहुणा आणि यजमान यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्या चालायचं. निरोप घेताना हाडाचा किंवा मातीचा एखादा तुकडा मोडून दोघं अर्धा-अर्धा ठेवत. पुढे कधीतरी कुणाचा मुलगा किंवा नातू दारात उभा राहिला, की दोन अर्धे तुकडे जुळवून बघायचे. जुळले तर दार उघडं. त्या तुकड्याला ते 'सुम्बोलोन' म्हणत, आणि आज सगळे वापरतात तो 'सिम्बॉल' त्याच्यापासूनच निघाला. आता त्या तुकड्याची जागा निमंत्रणाच्या कागदानं घेतली आहे. फरक असा, की पूर्वी तुकडे जुळतात का हे दोन घरं बघत, आता तिसराच कुणी बघतो, आणि तुकडे जुळले तरी त्याचं समाधान होत नाही.

फ्रान्समध्ये व्हिसा लागणाऱ्या मित्राला घरी बोलवायचं, तर यजमानानं नगरपालिकेत जाऊन पाहुणचाराचा दाखला काढावा लागतो. घर केवढं आहे, उत्पन्न किती आहे, हे दाखवायचं आणि ३० युरोंचं मुद्रांक लावायचं. अर्ज फेटाळला गेला तरी ते ३० युरो परत मिळत नाहीत. जर्मनीत यजमान लिहून देतो, की पाहुण्याच्या राहण्याचा, आजारपणाचा आणि वेळ आलीच तर त्याला देशाबाहेर काढण्याचाही खर्च मी देईन. इटलीत परदेशी माणसाला घरात ठेवलं, मग तो नातेवाईक का असेना, तर ४८ तासांत पोलिसांना कळवावं लागतं. अमेरिकेची तऱ्हा याच्या उलट. तिथं अर्जदार मुळात कायमचं राहायलाच येतोय असं कायदा धरून चालतो. ते खोटं आहे हे अधिकाऱ्याला त्यानं पटवायचं, आणि त्यासाठी मित्राचं निमंत्रणपत्र कुणी मागतही नाही. म्हणजे एकीकडे मित्र सगळ्याला जबाबदार, दुसरीकडे मित्र असला काय नसला काय सारखंच. 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही असा, हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. व्हिसाच्या अर्जातला एक रकाना येण्याच्या तिथीचा आणि त्याच्याच पुढचा जाण्याच्या तिथीचा असतो.

माझ्यासाठी मित्राला अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथल्या एका कार्यालयात स्वतः हजर राहावं लागलं. पगाराचे कागद, घराचा करार, सगळं घेऊन. हे त्यानं मला आधी सांगितलंसुद्धा नव्हतं, मला ते तिथं गेल्यावर टेबलावरच्या कागदांवरून कळलं. तेव्हा राजवाड्यावरून आलेल्या रागाची फारच लाज वाटली.

आता हॉटेलचं आरक्षण दाखवून व्हिसा मागणाऱ्याकडे बघा. त्याच्यासाठी कुणी रजा टाकत नाही, कुणी आपलं उत्पन्न उघडं करत नाही. आपल्याकडे उतरलेल्या माणसाच्या आजारपणाची हमी कुठलाच हॉटेलमालक देत नाही, आणि ती त्याच्याकडे कुणी मागतही नाही. पैसे परत मिळणारं आरक्षण दाखवायचं आणि व्हिसा हातात पडला की रद्द करायचं, ही युक्ती जगजाहीर आहे. मित्राचा पत्ता असा रद्द होत नाही. तिथं एक जिता माणूस असतो, त्याची नोकरी त्या देशात, त्याचे शेजारी त्या देशात, आणि पाहुणा ठरल्या दिवशी परतला नाही तर तोंड दाखवायला अवघड होणार ते त्यालाच. ज्या दोघांपैकी एकाच्या पाठीशी जामीन म्हणून अख्खं माणूस उभं आहे, त्यालाच जास्त संशयानं तपासायचं, हे मला उलटं वाटतं. शिवाय युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. तो असताना आजारपणाची हमी पुन्हा मित्राच्या गळ्यात कशासाठी?

अधिकाऱ्यांची बाजूही आहे आणि ती पोकळ नाही. मार्च २०००मध्ये जर्मनीच्या परराष्ट्र मंत्रालयानं आपल्या वकिलातींना सांगितलं, की शंका असेल तेव्हा प्रवासाच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं निर्णय द्या. वाक्य फार सुंदर होतं. पण काही वकिलातींत, विशेषतः कीव्हमध्ये, या ढिलाईचा फायदा माणसांची तस्करी करणाऱ्यांनी उचलला. हमीपत्रांचा बाजार भरला. प्रकरण इतकं पेटलं, की २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांना संसदीय चौकशी समितीपुढे साक्ष द्यावी लागली आणि ती दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली गेली. तेव्हा 'मित्र आहे म्हणतोय ना, मग सोडा आत' असं म्हणण्याइतका भाबडा मी नाही. मैत्रीचं सोंग आणता येतं. पैसे घेऊन निमंत्रणं देणारे आहेत, आणि पाहुणा म्हणून येऊन परत न जाणारेही आहेत.

माझा मुद्दा तपासणी नको असा नाहीच. तपासणी कशाची करायची, हा आहे. आज तपासलं जातं ते यजमानाचं घर किती चौरस मीटर आहे आणि पगार किती आहे. यातलं काहीच मैत्री खरी की खोटी हे सांगत नाही. पैसे घेऊन निमंत्रण देणाऱ्याचा पगार चांगलाच असू शकतो. उलट हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या, एका खोलीत राहणाऱ्या माणसाला आपला बालमित्र आठ दिवस बोलवायचा असेल, तर त्याची खोली लहान ठरते आणि मैत्रीही तिच्याबरोबर लहान ठरते. पाहुणचार हा ऐपतीचा विषय झाला, की ऐपत नसलेल्यांचे मित्र कायमचे पडद्यावर बोलणारे चेहरे होऊन राहतात.

यावरचा मला सुचणारा उपाय ऑस्ट्रियातच, एका साध्या कागदावर सापडला. तिथं कुणाच्या घरी मुक्कामाला आलेल्यानं तीन दिवसांच्या आत आपला पत्ता नोंदवायचा असतो, जाताना तो काढून टाकायचा असतो. तीन दिवसांपेक्षा जास्त राहणार नसाल तर त्याची गरज नाही. आपल्याकडची म्हण आठवली, 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.' तिसऱ्या दिवसाची ही हद्द दोन इतक्या लांबच्या ठिकाणी सारखीच पडावी, याची मला गंमत वाटली. मी दहा दिवस राहिलो, म्हणजे माझी अक्कल गेल्याची सरकारी नोंद आहे. पण तो कागद मला आवडला. त्याला पैसे पडत नाहीत. त्यावर नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, पासपोर्टचा तपशील, पत्ता असं साधंसंच काही, आणि 'निवारा देणाऱ्याची' सही. उत्पन्न नाही, चौरस मीटर नाही. त्या कागदावर मी पर्यटक नव्हतो, दहा दिवसांचा रहिवासी होतो. ज्याच्या-त्याच्या पत्त्याची अशी नोंद ठेवणारं सरकार मला मनापासून रुचतं असं नाही. आपल्या घरी कोण झोपलंय हे तिसऱ्याला कळावं, यात काहीतरी खटकतंच. तरीही दोन वाईटांतून निवडायचं झालं तर येण्याआधी यजमानाची झडती घेण्यापेक्षा आल्यावर पाहुण्याचं नाव लिहून घेणं मला पुष्कळ सुसह्य वाटतं.

आणि त्या नोंदींचा उपयोगही करा ना. ज्याच्या घरी १४ पाहुणे आले आणि चौदाही वेळेवर परतले, त्याच्या पंधराव्या पाहुण्याच्या अर्जाशी हा इतिहास जोडता येणार नाही का? कर्ज वेळेवर फेडणाऱ्याला पुढचं कर्ज सोपं जातं. पाहुणे वेळेवर परत पाठवणाऱ्याची पत मात्र दर वेळी शून्यापासून सुरू होते. पहिल्या निमंत्रणाला कसून तपासा, दुसऱ्याला थोडं कमी, पाचव्याला नुसता विमा आणि पासपोर्ट बघा. कुणी परतलाच नाही तर पत गेली, पुन्हा पहिल्यापासून. पैसे घेऊन निमंत्रणं विकणारा यात फार दिवस टिकणार नाही, कारण त्याचे 'मित्र' परत जात नसतात. शहरांनाही हेच सांगेन. गर्दीच्या दिवसांची फी लावायची तर लावा, पण रहिवाशाच्या घरी उतरलेल्याला त्या रहिवाशाच्या खात्यात धरा. व्हेनिसच्या सवलतींची यादी त्या दिशेनं चाचपडतेच आहे.

'पाहुणा' आणि 'यजमान' हे शब्द दरम्यान बाजारानं उचलले, हेही विसरून चालणार नाही. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांनी घरभाडं भागवायला आपल्या खोलीत हवेच्या गाद्या टाकल्या, त्यातून एअरबीएनबी उभी राहिली. तिच्या भाषेत खोली भाड्यानं देणारा 'यजमान' आणि पैसे मोजणारा 'पाहुणा'. बार्सिलोना ज्या १०,१०१ परवान्यांवर चिडलंय, तिथं बहुतेक वेळा यजमानाच्या नावाखाली माणूस नसतो, पाहुण्यानं स्वतःच किल्ली काढून घ्यायची एक पेटी असते. रहिवाशांचा राग त्या पेटीवर आहे. तो खऱ्या पाहुण्यावर सांडू नये असं वाटत असेल, तर खऱ्या पाहुण्यानंही पेटीतून किल्ली काढल्यासारखं वागू नये.

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि मित्र पत्ता काढून टाकायला गेलो. पाच मिनिटांचं काम. परत आल्यावर त्यानं त्या कागदाची प्रत एका फाइलमध्ये लावली. त्यात आधीच्या पाहुण्यांचे कागद तारखेनुसार लावलेले होते, काहींच्या मागं त्यानं पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवलं होतं. फ्रिजवरची माझी यादी त्यानं काढून मला परत दिली. दोन ठिकाणं राहिली होती. पुढच्या महिन्यात त्याच्याकडे सोळावा पाहुणा यायचा आहे, आमच्याच शाळेतला. त्याच्या हमीच्या कागदांसाठी त्यानं पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.